खालचा त्रास

(महिला आरोग्य शिबिरात एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



लघवीची जळजळ आणि मूतखडा या विषयावर बोलायचं आहे म्हटल्यावर काहीजणी हसल्या. हसा. वॉर्डातही बाया तोंडाला पदर लावतात आणि ‘खालचा त्रास आहे’ एवढंच सांगतात. त्यावरून पाळी, अंगावरून जाणं की लघवी, ते आम्ही ओळखायचं! म्हणून माझ्या मते या आजारातली शुश्रूषा पडद्यापासून सुरू होते. आधी पडदा ओढा, नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवा, मग विचारा. जळजळ होते का, सारखं जावंसं वाटतं का, रक्त दिसलं का, थंडी वाजून ताप आला का, पाठीत दुखतं का, आणि दिवस गेलेत का. गरोदरपणी काही त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात, आणि उपचार झाले नाहीत तर ते मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात.

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम दीड इंचाचा, पुरुषाचा सात-आठ इंच. आतड्यातले जंतू आपल्याकडे चटकन पोचतात. यात बाईच्या वागणुकीचा काही दोष नाही, हे तिला स्पष्ट सांगावं लागतं. नव्या नवरीला तर नक्कीच. संबंधांनंतर त्रास सुरू झाला की घरातले भलभलते अर्थ काढतात.

माझ्या लक्षात राहिलेली बाई ऊसतोडीला आलेली होती. फडात आडोसा नाही, सोबत पुरुष, म्हणून ती दिवसभर पाणीच प्यायची नाही. दोन महिने दुखण्याच्या गोळ्यांवर काढले. आमच्याकडे आली तेव्हा अंगात हुडहुडी, कुशीतून जांघेपर्यंत कळ, आणि लघवी जवळजवळ नाही. खडा नळीत अडकला होता, मागे पू साठला होता. अशा वेळी एक रात्रही थांबायचं नसतं. नळी घालून वाट मोकळी करावी लागते. मुकादम म्हणत होता, उद्या बघू. आम्ही भांडून तिला रात्रीच जिल्ह्याच्या गावी पाठवलं. जीव वाचला, पण एक मूत्रपिंड गेलं.

आता इथे बसलेल्या नर्स मुलींसाठी. लघवीचा नमुना औषधाच्या पहिल्या डोसाआधी घ्या. जागा स्वच्छ करून, पहिली धार सोडून मधली धरायची, हे बाईला नीट समजावून सांगा. नुसती बाटली हातात देऊ नका. नमुना टेबलावर तासन्‌तास पडला तर त्यातले जंतू वाढतात आणि अहवाल खोटा येतो. नळी घातलेली असेल तर पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. आणि नळी गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवू नका, आपली चादरी बदलण्याची सोय म्हणून तर मुळीच नको. खड्याच्या रुग्णाची लघवी गाळून घ्या. पडलेला खडा तपासायला पाठवला तर तो कशाचा आहे ते कळतं. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडतात, पण कळ सोसण्यात काही पुण्य नाही. वेदनाशामक वेळेवर द्या.

घरी जाताना सांगायचं: बरं वाटलं तरी गोळ्या सांगितलेल्या दिवसांपर्यंत संपवायच्या. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायचं. मीठ कमी. दूध मात्र बंद करायचं नाही. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध तोडणं ही चुकीची समजूत आहे.

पण ‘भरपूर पाणी प्या’ असं सांगताना माझी जीभ अडखळते. प्यायचं, आणि जायचं कुठे? मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणून बायांनी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मागितल्या, तेव्हाही लोक असेच हसले होते. आमच्याच रुग्णालयात नर्सेसच्या संडासाला दोन वर्षं कडी नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने दाराशी उभं राहायचं. रात्रपाळीला दुसरी नसायचीच. मला स्वतःला तीनदा हा आजार झाला. कडीसाठी मी तीन अर्ज दिले. चौथ्या वेळी बाजारातून कडी आणून स्वतःच ठोकली.

चहा होईपर्यंत मी मागच्या खोलीत बसते. कुणाला एकटीने विचारायचं असेल तर या. त्या दाराला कडी आहे, मी पाहून घेतलं आहे.