पडीत म्हणजे कोणाचीच नाही?

(भंडारा जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायचे म्हणून तुम्ही आला आहात. ते बोलणे होईलच, पुढचे वक्ते त्यासाठीच बसले आहेत. आम्ही मात्र आज अशा जमिनीवर बोलणार आहोत, जिच्यात तुम्ही पऱ्हाटीही लावत नाही आणि ज्वारीही पेरत नाही. गावाच्या आखरापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत जो माळ असतो, पळसाची खुंटं, बोराच्या जाळ्या आणि कुसळी गवत, तो माळ. सातबाऱ्यावर त्याच्यापुढे काय लिहिले आहे हे किती जणांनी पाहिले? हात वर करा म्हटले तर सभेत दहा हात वर येणार नाहीत. दोष तुमचा नाही. आम्ही कृषी महाविद्यालयात चार वर्षे घालवली आणि पदवी घेऊन बाहेर पडलो, तेव्हा या जमिनीबद्दल आम्हाला एकच शब्द शिकवला होता : पडीत. म्हणजे वाया गेलेली. म्हणजे कोणाचीच नाही.

हा शब्द कुठून आला ते आधी पाहू.

१८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. गादीला वारस नाही असे म्हणत डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केले. त्यात आपला भंडाराही गेला. १८६१ च्या नोव्हेंबरात मध्य प्रांत तयार झाला आणि १८६२ पासून रिचर्ड टेंपल हा त्याचा चीफ कमिशनर. साहेबाला दोन गोष्टी हव्या होत्या : ठरल्या दिवशी सारा आणि भरपूर कापूस. कापूस का, ते तुम्हा कापूसवाल्यांना सांगायला नको. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली होती आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना रुई मिळेना. तिथल्या गिरणीवाल्यांनी १८५७ सालीच कापूस पुरवठ्यासाठी संघटना काढली होती. त्यांची एक मागणी अशी की हिंदुस्थानातली रिकामी जमीन कायमच्या मालकीने विकत द्या, म्हणजे भांडवल घेऊन माणसे तिथे जातील.

१८६१ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर जनरल कॅनिंगने ठराव काढला. जंगल न तोडलेली पडीत जमीन एकरी अडीच रुपये, मोकळी असेल तर पाच रुपये, एका माणसाला तीन हजार एकरांपर्यंत. एकदा पैसे भरले की पुढे सारा नाही. पुढच्याच वर्षी विलायतेच्या मंत्र्याने, चार्ल्स वूडने, हे फार स्वस्त होते असे म्हणून मोजणी करा आणि लिलावाने विका असा हुकूम पाठवला. आसामात या धोरणावर चहाचे मळे उभे राहिले. आपल्याकडे गोरे मळेवाले काही फार आले नाहीत. इथले ऊन आणि इथला हिवताप दोन्ही त्यांच्या सोयीचे नव्हते.

विक्री फारशी झाली नाही, पण त्या ठरावाने एक गोष्ट गृहीत धरली आणि ती अजून आपल्या मानगुटीवर बसली आहे. जी जमीन नांगराखाली नाही ती सरकारची, हे ते गृहीत. ज्या माळावर गावाची गुरे पिढ्यानपिढ्या चरली, जिथून सरपण आले, घराचे फाटे आले, वखराचे लाकूड आले, मोहफुले आली, ती साहेबाच्या नकाशात कोरी निघाली.

याआधी या मुलखात जमीन वसवण्याची रीत नव्हती असे नाही. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला गाव दिले, तलाव बांधणाऱ्याला तलावाखालची जमीन दिली. त्या तलावाखालच्या जमिनीच्या हक्काचे नाव तुकूम. चंद्रपूर शहरात आजही त्या नावाची वस्ती आहे. आपल्या भंडाऱ्याचे तलाव कोहळी पाटलांनी बांधले, ते अशाच आमिषाने. आधी काम दिसले पाहिजे, मग जमीन. ते राज्य रामराज्य होते असे आम्ही म्हणत नाही. राजा लहरी निघाला तर दिलेले काढूनही घेई. पण जमीन म्हणजे काहीतरी करून कमावण्याची वस्तू होती. साहेबाने ती कागदावर मोजून देण्याची वस्तू केली.

मग बंदोबस्त आला. मराठ्यांच्या अमलात पाटील हा सरकारचा लगान गोळा करणारा, गाव ठेक्याने घेतलेला माणूस. टेंपलच्या बंदोबस्तात तो एका सहीने गावाचा मालक झाला. मालगुजार. कसणाऱ्यांपैकी थोड्यांना आपल्या तुकड्याची मालकी मिळाली, ते मालिक मकबुजा. बाकीचे कुळे झाले, कोणी पक्के, कोणी कच्चे. आता मालकी म्हटली की ती गहाण टाकता येते आणि विकताही येते. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कितीतरी गावे सावकाराच्या वहीतून सावकाराच्या वाड्यात गेली.

आणि माळ? लागवडीच्या प्रमाणात काही पडीत गावाच्या हद्दीत मालगुजाराकडे ठेवली. त्यापेक्षा जास्तीची होती ती सरकारने काढून घेतली. ती आधी सरकारी पडीत म्हणून राहिली आणि १८७८ च्या जंगल कायद्यानंतर तिचे राखीव जंगल झाले. मालगुजाराकडच्या माळात कुळांनी गुरे चारावीत, घरापुरते आणि शेतापुरते लाकूड घ्यावे, हा रिवाज मात्र बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांना मोडता आला नाही. तो त्यांनी लिहून घेतला. त्या कागदाचे नाव वाजिब-उल-अर्ज, आणि त्या हक्काचे नाव निस्तार. हे दोन शब्द आज घरी जाताना सोबत न्या. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

वसाहतीची एक गोष्ट आपल्याच जिल्ह्याची आहे, ती सांगतो. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे काढून बालाघाट जिल्हा बनवला. वरच्या पठारावर वस्ती करायची हा त्यामागे एक हेतू. तिथल्या ब्लूमफील्ड नावाच्या डेप्युटी कमिशनरने वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पोवार शेतकऱ्यांना बैहरकडे जाऊन वसायला उत्तेजन दिले. पोवार म्हणजे धानाचे आणि तलावाचे जाणते. त्यांनी बांध घातले, बांध्या पाडल्या, गावे उठवली. कष्ट त्यांचे खरेच. पण ती जमीन मोकळी नव्हती. तिथे गोंड आणि बैगा होते, जंगल जाळून राखेत कोदो-कुटकी पेरत, चार वर्षांनी जागा बदलत. सरकारच्या लेखी फिरती शेती ही शेतीच नव्हती. तेव्हा सरकारने एका शेतकऱ्याला जमीन दिली ती दुसऱ्या शेतकऱ्याची. देणारा सरकार, खर्च दोन शेतकऱ्यांचा, आणि भांडण पुढे त्या दोघांत. आज अतिक्रमणाच्या नावाने गावागावांत आदिवासी आणि बिगर-आदिवासी एकमेकांसमोर उभे राहतात, तेव्हा आम्हाला बैहर आठवते.

आता शेतीशास्त्राचे थोडे. पदवीचा कुठेतरी उपयोग झाला पाहिजे.

१८८९ साली व्होल्कर नावाचा रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानची शेती पाहायला आला आणि १८९३ मध्ये त्याचा अहवाल निघाला. तो सरकारचाच माणूस, पण डोळे उघडे ठेवून फिरला. त्याने म्हटले की इथला शेतकरी अडाणी नाही. सरपण नाही म्हणून शेण चुलीत जाते, आणि शेण चुलीत गेले की शेताला खत राहत नाही. उपाय काय, तर गावाजवळ सरपणाची आणि चाऱ्याची राखणे करा. १८९४ च्या ऑक्टोबरात सरकारने जंगल धोरणाचा ठराव काढला. त्यात जंगलांचे चार वर्ग केले आणि चौथा वर्ग कुरणांचा ठेवला. कागद चांगला होता. प्रत्यक्षात चराईला पास आणि फी आली. नांगराच्या बैलाला एक दर, जास्तीच्या गुरांना दुसरा, शेळीला कित्येक जंगलांत मनाई. पास नसला की गुरे कोंडवाड्यात. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगलात शिरून कायदा मोडला, तो गवत कापून. मीठ समुद्राजवळच्यांचे होते. वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे दुखणे गवताचे होते.

व्होल्करचा हिशेब तुमच्या शेतात करून पाहा. कोरडवाहू कपाशीला हेक्टरी पाच टन शेणखत द्यावे अशी शिफारस आम्हीही शेतकऱ्यांना सांगत फिरलो. पाच टन म्हणजे दहा गाड्या. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला गोठ्यात नेले. दावणीला दोन बैल, तेही थकलेले. तो म्हणाला, “साहेब, पाच टन आणतो, पण पहिले गुरं कुठं चारू ते सांगा.” आम्ही गप्प. त्याच्या गावचा माळ झाडे लावायची म्हणून तारेने बंद झाला होता. ज्वारी मागे पडली तसा कडबा गेला. सोयाबीनच्या कुटारावर जनावर किती दिवस काढणार? मग बैलजोडी विकली, ट्रॅक्टर भाड्याने आला, युरियाचे पोते आले, आणि काळ्या जमिनीतले सेंद्रिय कर्ब उतरत गेले. पाऊस पंधरा दिवस दडी मारतो तेव्हा पहिली पऱ्हाटी त्याच धुऱ्यात मान टाकते जिथे शेणखत पडले नाही. माळ गेल्याचा खर्च असा कपाशीच्या हिशेबात लपून येतो, आणि भाव ठरवणारे तो कधी धरत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. चांगलेच झाले. पण मालगुजाराकडचा माळ, जंगल आणि तलाव गावाकडे आले नाहीत. ते सरकारकडे गेले. मालगुजार निदान गावात राहत होता, त्याच्या वाड्यावर मोर्चा नेता येत होता. तलावांचे नाव माजी मालगुजारी तलाव झाले आणि गाळ साचत राहिला. निस्ताराची नोंद निस्तार-पत्रकात झाली, पण पत्रके दप्तरात बांधली गेली. आणि आपल्या माळापुढे शब्द आला : झुडपी जंगल.

हा शब्द विदर्भाच्या सहा जिल्ह्यांचा, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन. महसूल खाते म्हणे, ही आमची. १९८० चा वनसंवर्धन कायदा आल्यावर वनखाते म्हणे, ही आमची. तिच्यावर शाळा झाल्या, स्मशाने झाली, घरे झाली, शेतेही झाली. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे झुडपी जंगल हे वनच. त्या तारखेपूर्वी रीतसर दिलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागायची, असा एक दरवाजा न्यायालयाने ठेवला आहे. ज्यांच्याकडे तशा जमिनी आहेत त्यांनी वाटपाचे आदेश शोधून ठेवा. तोंडी हक्काला तिथे किंमत नाही.

निकाल ऐकून कार्यकर्ते घाबरले. आमचे म्हणणे उलटे आहे. वन म्हणता ना? मग वनाचे सगळे कायदे लावा, नुसता बंदीचा नको. २००६ चा वनहक्क कायदाही वनाचाच आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक हक्क सांगितले आहेत आणि त्यात निस्तार हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, जमीनदारीसारख्या जुन्या व्यवस्थांतल्या हक्कांसह. चराईही लिहिली आहे. वनजमिनीच्या व्याख्येत मानीव वने येतात. मग झुडपी जंगलावर ग्रामसभेने निस्ताराचा आणि चराईचा सामूहिक दावा का करू नये? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. ते आदिवासींचे गाव आहे हे खरे. बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो आणि ती अट जड आहे. पण नियमांत पुराव्याच्या यादीत निस्तार आहे, बंदोबस्ताचे अहवाल आहेत. साहेबाने आपल्या सोयीसाठी लिहून ठेवलेला कागद आपल्या कामाला येतो आहे.

वकिलांचे मत घ्यावेच लागेल. काही म्हणतील, झुडपीला हे लागू नाही. म्हणू द्या. दावा दाखल झाला तर नाकारण्याचे कारण लेखी द्यावे लागते, आणि लेखी कारणावर अपील करता येते. आज आपल्याकडे ना दावा आहे ना नकार.

एक सांभाळा. दावा माळाचा करायचा आहे, माळ वाटून घेण्याचा नाही. आपल्यातलेच काहीजण वखर घेऊन माळावर शिरतात आणि चार वर्षे हरभरा काढतात. त्यांच्यापायी गायकी गुरे घेऊन सडकेच्या कडेला फिरतो. त्यांना जवळ बसवून समजवा. आणि दाव्याच्या कागदावर पहिली सही गावातल्या गोंडाची आणि गोवाऱ्याची घ्या, कारण हा माळ आपल्यापेक्षा ते जास्त ओळखतात.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन कागद आणायचे. माळाच्या गटाचा सातबारा, तहसीलच्या अभिलेख कक्षातून निस्तार-पत्रकाची नक्कल, आणि वाजिब-उल-अर्ज सापडला तर तो. मोडी किंवा उर्दू असेल तरी आणा, वाचणारे आपण शोधू. दप्तर जळाले, वाळवीने खाल्ले असे सांगितले तर तेवढेच लेखी मागा. आणि नकलेला पैसे किती लागले ते पावतीसह आणा, त्याचा हिशेब आपण इथेच करू.