दुधाचा ठेका कोणाला?

(दिंडोशी येथील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय जरा जड दिला आहे : इंग्रजी राजवटीत नव्या उद्योगांना मिळालेले सरकारी उत्तेजन आणि त्यामागचा राज्यकारभार. या विषयावर बोलणारे बहुतेक वक्ते श्रोत्यांना जमशेदपूरला नेतात, नाहीतर गिरणगावात. मी तुम्हाला एवढे लांब नेणार नाही. इथून रिक्षा केली तर थोड्याच वेळात आपण आरे वसाहतीत पोचतो. तुमच्यापैकी कित्येक जण पहाटे तिथे फिरायला जात असतील. झाडी दिसते, तबेले दिसतात. पण ते तबेले तिथे आले कसे, याची कथा ऐकली की आजच्या विषयाचा निम्मा उलगडा होतो.

आधी एक गैरसमज दूर करू. इंग्रज सरकार उद्योगांना उत्तेजन देतच नव्हते, असे आपण सरसकट बोलतो. ते तितकेसे खरे नाही. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी झालेला करार पाहा. जमीन फुकट आणि भागधारकांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. तोटा झाला तर भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेवटी शेतसारा भरणाऱ्या कुणब्याच्या खिशातून. यापेक्षा भरघोस उत्तेजन ते कोणते? न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या औद्योगिक परिषदेच्या व्यासपीठावरून १८९० च्या सुमारास नेमका हाच मुद्दा मांडला. जे सरकार रेल्वेला हमी देऊ शकते, त्याला देशी कारखानदारीच्या भांडवलाला आधार देता येणार नाही, असे म्हणणे त्यांना पटत नव्हते. खुला व्यापार आणि सरकारी अलिप्तता ही तत्त्वे फक्त देशी उद्योगाच्या वेळी कशी आठवतात, हा त्यांचा खोचक प्रश्न होता.

सगळे अधिकारी एका माळेचे मणी होते असेही नाही. मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने सरकारी कलाशाळेत अॅल्युमिनिअमची भांडी घडवण्याचा उद्योग सुरू केला, क्रोम पद्धतीने कातडी कमावण्याचे प्रयोग केले. हेतू असा, की सरकारने धोका पत्करून वाट दाखवावी आणि उद्योग तगला की तो खासगी हाती सोपवावा. गोऱ्या व्यापाऱ्यांनी ओरड केली. १९१० साली भारतमंत्री लॉर्ड मोर्ले यांनी खलिता धाडला : सरकारी पैसा औद्योगिक शिक्षणावर खर्च करा, कारखाने काढण्यावर नको. चॅटर्टन पुढे म्हैसूर संस्थानात गेले. महायुद्धात माल मिळेनासा झाला तेव्हा सरकारचे डोळे उघडले. १९१६ साली औद्योगिक आयोग नेमला गेला, १९१८ साली अहवाल आला आणि त्याला पंडित मदनमोहन मालवीय यांनी आपली स्वतंत्र भिन्नमतपत्रिका जोडली. त्यानंतर १९२१ पासून ‘उद्योग’ हे खाते प्रांतांतल्या लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले. तिजोरी मात्र राखीव खात्यात, गव्हर्नरच्या हाताखाली राहिली. खाते एकाकडे, किल्ल्या दुसऱ्याकडे. या कारभारातून काय निघायचे ते निघाले.

आता आपल्या मुंबईच्या दुधाकडे वळू.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसांची दाटी झाली आणि दुधाची दैना झाली. म्हशींचे तबेले वस्तीतच होते. चारा महाग, जागा अपुरी, दुधात पाणी तर ठरलेलेच. म्हैस आटली की तिला पोसणे गवळ्याला परवडत नसे. भाकड झालेली, पण वयाने तरणी असलेली जनावरे कसायाकडे जात आणि पारडी उपाशी मरत. देशातली उत्तम दुभती जनावरे मुंबईत यायची आणि एका वेतात संपायची. जनावरांच्या वंशाची ही नासाडी त्या काळच्या जाणत्या अधिकाऱ्यांनाही सलत होती, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. मुंबईच्या दुधाचा नमुना लंडनला तपासला, तेव्हा तो तिथल्या गटाराच्या पाण्याहून घाण निघाला, अशी एक गोष्ट दुग्धव्यवसायातले लोक सांगत आले आहेत.

१९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यापासून मुंबई प्रांताचा कारभार गव्हर्नर आणि त्यांचे अधिकारी चालवत होते. विधिमंडळाला जाब देण्याचा प्रश्न नव्हता. या अधिकाऱ्यांनी १९४५ साली दूध योजना आखली. सव्वाचारशे किलोमीटरवरच्या खेडा जिल्ह्यातून रेल्वेने दूध आणायचे आणि मुंबईकरांना पुरवायचे. योजना धाडसी होती. एवढ्या अंतरावरून, आपल्या हवेत, रोजचे दूध आणणे ही सोपी गोष्ट नव्हती.

दूध गोळा करण्याचे काम पॉल्सन कंपनीला मिळाले. पॉल्सनचे लोणी आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होते. पेस्तनजी एदुलजी या पारशी गृहस्थांनी ती कंपनी उभी केली, १९३० साली आणंदला आधुनिक डेअरी काढली, लष्कराला लोणी पुरवले. माणूस कर्तबगार आणि इथलाच. स्वदेशीच्या नेहमीच्या कसोटीत कंपनी पूर्ण उतरत होती. सरकारने तिला आणंद परिसरातल्या गावांतले दूध घेण्याचा एकाधिकार दिला. कंपनी सरकारला विकणार तो भाव ठरलेला होता. कंपनी शेतकऱ्याला काय देणार, याचे बंधन नव्हते. गावोगाव दलाल नेमलेले होते. ते सांगतील ते माप आणि ते म्हणतील तो भाव. दूध नासले म्हटले की नासले. आणि न विकलेले दूध शेतकरी संध्याकाळपर्यंत ठेवणार कुठे? दुसरे गिऱ्हाईक शोधायची सोय सरकारी हुकुमानेच काढून घेतली होती.

मंडळी, मी या ठिकाणी जरा थांबतो, कारण आपल्या विचारात इथे एक गफलत होते. उद्योग देशी माणसाच्या हाती आला की काम झाले, असे आपण मानतो. खेड्याच्या शेतकऱ्याचा अनुभव वेगळा होता. मालक देशी होता, कारखाना देशी होता, शहराला दूध मिळत होते, सरकारी कागदावर योजना यशस्वी होती. ज्याच्या गोठ्यात दूध निघत होते, त्याच्यापर्यंत मात्र या उत्तेजनातला आणा पोचत नव्हता.

शेतकरी सरदार वल्लभभाईंकडे गेले. सरदारांनी त्यांना सांगितले की स्वतःची सहकारी संस्था काढा आणि सरकारने तिचे दूध नाकारले तर पॉल्सनला थेंबही देऊ नका. तोटा होईल, तो सोसायची तयारी असेल तरच या वाटेला लागा. मोरारजीभाईंना त्यांनी आणंदला पाठवले. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा झाली आणि ठराव झाला. त्यानंतर पंधरा दिवस खेड्याचे दूध मुंबईला आले नाही. शेतकऱ्यांनी दूध ओतून दिले, पण विकले नाही. दूध आयुक्त इंग्रज होता; तो आणि त्याचे सहायक दारा खुरोडी आणंदला गेले, परिस्थिती पाहिली आणि मागणी मान्य झाली. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली, अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. जून १९४८ मध्ये प्रत्यक्ष संकलन सुरू झाले तेव्हा गावच्या दोन सोसायट्या होत्या आणि दिवसाचे दूध होते जेमतेम अडीचशे लिटर. पुढचे ‘अमूल’ ते हेच.

याच खुरोडींनी आपल्या शेजारी आरे वसाहत वसवली. १९४९ साली काम सुरू झाले. सुमारे ३,१६० एकर माळरान आणि डोंगरउतार. तिथे आधीपासून वारल्यांचे पाडे होते, आजही आहेत. त्यांचा विचार त्या आराखड्यात किती झाला, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. शहरातल्या म्हशी इथे आणल्या, गवळ्यांची मालकी तशीच ठेवली. गोठा, चारा, पशुवैद्य आणि दुधाची खरेदी सरकारची. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले. म्हशीच्या दाट दुधात स्निग्धांशविरहित दूध मिसळून स्वस्त ‘टोन्ड’ दूध करण्याची युक्तीही खुरोडींचीच. इंग्रजी अमदानीत घडलेला हा अधिकारी स्वतंत्र भारतात मुंबईच्या घराघरांत दुधाची बाटली पोचवून गेला. त्याचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण सरकारी खरेदीची सवय राज्य बदलले म्हणून लगेच बदलत नाही. हिवाळ्यात म्हशी उन्हाळ्याच्या दुपटीहून अधिक दूध देतात. मुंबई योजना म्हणे, आम्हाला रोज लागते तेवढेच द्या. वरचे दूध खेड्यात पडून राहायचे, आणि इकडे योजना परदेशी भुकटी वापरायची. त्रिभुवनदास आणि त्यांचे व्यवस्थापक वर्गीज कुरियन यांचे खुरोडींशी यावरून वाजले. शेवटी संघानेच भुकटीचा कारखाना काढला. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे तज्ज्ञ सांगत होते; हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली. युनिसेफने यंत्रे दिली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, सरदारांच्या जन्मदिनी, तो कारखाना सुरू झाला. गंमत अशी, की १९६३ सालचा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास या तिघांना एकत्रच मिळाला.

आता आपल्या राज्यातली अगदी अलीकडची दोन उदाहरणे सांगतो आणि थांबतो. जुलै २०१८ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी मुंबईचे दूध रोखले. सरकारने लिटरला पाच रुपये अनुदान जाहीर केले. ते दिले दूध प्रक्रिया करणाऱ्यांना, आणि त्यांनी शेतकऱ्याला पंचवीस रुपये द्यावेत अशी अट घातली. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा पाच रुपयांचेच अनुदान आले. यावेळी ते थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा करण्याचे ठरले. संघाने त्याला सत्तावीस रुपये दिलेले असावेत, ही अट. रक्कम तीच, पण खात्यावरचे नाव बदलले. सोबत जनावराच्या कानाला बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद सक्तीची झाली. आता तुमचे नातेवाईक गावाकडे दूध घालत असतील, तर त्यांना फोन करून विचारा : बिल्ला कधी लागला, आणि पहिला हप्ता कधी जमा झाला?