आकड्यांतली झाशी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात सदर बाजार, झाशी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



या स्मरणिकेसाठी जुने लेखन जमवीत असता एक चमत्कारिक फाइल आमच्या हाती आली. मंडळाच्या एका दिवंगत सभासद बाईंनी येथील मंगळागौरीच्या आठवणी संगणकावर लिहून ठेविल्या होत्या. उघडून पाहतो तो आत एक अक्षर नाही, नुसते आकडे! २३३३, २३६६, २३५८, २३६८... सदर बाजारातल्या एका दुकानी 'कचरा है, मिटा दीजिए' असा सल्ला मिळाला. बाईंच्या हातचे दुसरे काहीच उरलेले नव्हते.

तो कचरा नव्हता. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतपद्धतीत प्रत्येक वर्णास एक क्रमांक नेमून दिलेला आहे; देवनागरीच्या वाट्यास २३०४ ते २४३१ अशी १२८ घरे आली. वरील चार आकडे म्हणजे झ, काना, श आणि दीर्घ वेलांटी. झाशी! हिंदी लेखणीने चंद्रबिंदूचा २३०५ घातला असता आणि 'श'च्या जागी 'स'चा २३६०. बाई मराठीत बोलत आहेत, हे पहिल्याच शब्दाला कळले.

पुढील काम पायथन या संगणकभाषेतील तीन ओळींचे. स्वल्पविरामापाशी आकडे सुटे करावयाचे, एकेक आकडा 'सीएचआर' या आज्ञेच्या स्वाधीन करावयाचा, आणि ती देईल ते वर्ण क्रमाने सांधावयाचे. काही पानांतले स्वल्पविराम मात्र गळाले होते. आम्ही शहाणपणाने चार-चार अंक तोडीत गेलो, आणि पहिल्या शब्दानंतर सारा गोंधळ! दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेचा क्रमांक दोनच अंकी, ३२, हे ध्यानात राहिले नाही. देवनागरीचा प्रत्येक क्रमांक २३ किंवा २४ ने सुरू होतो. तेव्हा नव्या आकड्याच्या आरंभी ३२ दिसताच तेथे शब्द संपला असे समजावे, एवढी एक अट घालताच ओळी सरळ झाल्या.

'ल' २३५४ आणि 'ळ' २३५५, अगदी शेजारी. मंगळागौर, केळी, जवळ, वेळ. बाईंच्या लेखनात २३५५ जागोजाग आहे. इकडे वाढलेल्या आमच्या मुलांच्या तोंडी त्याचा 'ल' होतो, पण आकड्यांत तो जसाच्या तसा राहिला होता.

दोन ठिकाणी ६५५३३ हा आकडा आला. ती हरवलेल्या अक्षराची खूण. ते परत आणणे कोणत्याही आज्ञेस साधत नाही. छापताना तेथे जागा मोकळी सोडली आहे. बाईंबरोबर फेर धरलेल्या कोणा भगिनीस ते शब्द आठवत असतील, तर आम्हांस अवश्य सांगावे.