तपासनीस येण्यापूर्वी
(वर्धापनदिनी पोळी-भाजी केंद्रातील भगिनींपुढे केलेले भाषण)



'तपासणीला साहेब आले तर काय करायचे?' असा प्रश्न आपल्या केंद्रातील अनेकींनी विचारला आहे. मला वाटते, साहेब नसताना आपण काय करतो, हाच खरा प्रश्न आहे.

काहीजणी म्हणतात, 'आपला घरगुती स्वयंपाक. आपल्याला कायदा कशाला?' परंतु पैसे घेऊन डबा दिला की तो व्यवसाय झाला. 1954 सालच्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली आणि तो 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला. त्यात लहान व्यावसायिकांनाही नोंदणी करावी लागते. ते नोंदणीपत्र कपाटात न ठेवता दर्शनी भिंतीवर लावावे. वर्षातून एकदा होणाऱ्या वैद्यकीय तपासणीचे दाखले, पाण्याच्या तपासणीचा अहवाल व फवारणीची नोंद एका फायलीत असावी.

आता स्वयंपाकघरात येऊ. हात धुण्याची जागा भांड्यांच्या मोरीहून वेगळी असावी आणि तेथे साबण हवाच. कच्च्या भाजीची विळी शिजलेल्या पदार्थाला लावू नये. कचऱ्याच्या बादलीला झाकण असावे. जिला जुलाब होत असतील तिने त्या दिवशी कामावर येऊ नये. पण रोज बुडेल या भीतीने ती येणारच! म्हणून आजारपणाचा रोज मंडळाने द्यावा, अशी माझी कार्यकारिणीला आग्रहाची विनंती आहे. केवळ भिंतीवर सूचना लिहून हा प्रश्न सुटणार नाही.

दुसरी गोष्ट उरलेल्या भाताची. अन्न टाकू नये हा आपल्यावरचा संस्कार. परंतु तांदळातील काही जंतूंची बीजे उकळूनही मरत नाहीत. भात मोठ्या पातेल्यात तासन् तास कोमट राहिला, की ती वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये. गरम ठेवायचे तर 60 अंशांच्या वर, थंड ठेवायचे तर 5 अंशांच्या खाली. तेव्हा उरलेला भात परातीत पसरून लवकर निववावा व फ्रिजमध्ये ठेवावा. त्याहून बरे म्हणजे मोजून शिजवावे.

आणि अधिकारी आले तर घाबरू नये. प्रथम ओळखपत्र पाहावे, मग सर्व मोकळेपणाने दाखवावे. नमुना घेतल्यास त्याची किंमत आपल्याला मिळते. नमुन्याचे चार भाग करतात. त्यांतील एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठविण्याची मागणी आपण करू शकतो. सुधारणेची नोटीस आली, तर तीत कारण लिहिलेले असते आणि किमान 14 दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत काम पुरे करावे.

मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालविणाऱ्या बायकांनी हजारो कामगारांना जेवू घातले. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले. घरोघरच्या चुलीवरचे ते काम मानाचे झाले. तो मान आपल्याही केंद्राला हवा असेल, तर आपला डबा उघडणाऱ्याला शंका येता कामा नये. उद्या सकाळी पहिले पातेले चढविण्यापूर्वी हात धुण्याच्या जागेपासून सुरुवात करू या.