मिरजेत आपलं स्वागत

महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकातून आलेल्या ऑर्थोडॉन्टिस्ट बंधुभगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो,

स्वागत समितीच्या वतीनं मिरज नगरीत आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं. आजही कोकणातला, कर्नाटकातला रुग्ण मिरजेची वाट धरतो. जबड्याचा कोन कुठल्या एक्स-रेवर मोजावा, ही चर्चा याच गावात होतेय याचा मला विशेष आनंद आहे. लांबून आलेल्या रुग्णाला एक जादा एक्स-रे म्हणजे खर्च आला, खेप आली आणि किरणंही आली.

१९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफराथ यांनी डोकं स्थिर धरून बाजूनं एक्स-रे घेण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून लॅटरल सेफ हा आपला आधार. कवटीच्या मानानं जबडा पुढं की मागं, हे त्यालाच विचारावं, ओपीजीला (पॅनोरॅमिक एक्स-रेला) नव्हे. पण जबड्याच्या कोनाचं, गोनियल अँगलचं, काय? ट्रेसिंग पेपर लावून बसलेल्या प्रत्येकानं पाहिलंय, खालच्या जबड्याच्या उजव्या-डाव्या कडा एकमेकींवर नीट बसत नाहीत. फिल्मपासून दूरची बाजू जरा मोठी उमटते. मग आपण दोन कडांच्या मधून तिसरी रेघ ओढतो आणि तोच कोन दोन्ही बाजूंचा म्हणून लिहून टाकतो. ज्या मुलीची हनुवटी एका बाजूला सरकली आहे, तिच्या कागदावरून नेमका हवा तो फरकच पुसला जातो.

ओपीजीत दोन्ही कोन वेगवेगळे दिसतात. त्यावरचं आडवं अंतर भरवशाचं नाही, डोकं जरा तिरकं बसलं की चित्र बदलतं, हे मान्य. तरीही रॅमसची मागची कड आणि जबड्याची खालची कड यांना स्पर्शरेषा काढून येणारा कोन कित्येक अभ्यासांत सेफशी बऱ्यापैकी जुळला आहे. सगळ्यांत मात्र नाही. ओपीजी हाताशी असेल, तर केवळ या कोनासाठी दुसरी फिल्म काढू नये असं मला वाटतं. सीबीसीटी तिन्ही मितींत मोजतो, पण त्याचा डोस जास्त. वाढत्या मुलाला नुसत्या एका कोनासाठी तो देणं मला पटत नाही.

निबंध वाचणाऱ्यांना एकच आग्रहाची विनंती. सरासरी जुळली एवढ्यावर थांबू नका. एका रुग्णात पाच अंश जास्त, दुसऱ्यात पाच कमी आले, तरी सरासरीत फरक शून्यच दिसतो. कोन मोठा असलेल्या रुग्णाच्या दाढा उपचारात वर निघाल्या तर पुढून बाइट उघडतो; तिथं पाच अंशांची चूक महागात पडते. म्हणून एकेका रुग्णातला फरक दाखवा. डोकं कसं बसवलं होतं, ट्रेसिंग कोणी केलं, त्याच हातानं काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं का, हेही सांगा.

प्रत्येक निबंधानंतर चर्चेला वेळ राखून ठेवला आहे. ज्यांनी फिल्म आणल्या आहेत त्यांच्यासाठी सभागृहाच्या मागच्या बाजूला व्ह्यूबॉक्स मांडले आहेत. आपणा सर्वांचं पुन्हा एकदा स्वागत करून मी अध्यक्षांना सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.