‘आली नाही’

(तू बिश्वातच्या संध्याकाळी, एलियाहू हन्नाबीच्या मलिद्यानंतर सिनेगॉगच्या सभागृहात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



मलिद्याची ताटे नुकतीच उचलली गेली आहेत आणि पोट भरल्यावर भाषण ऐकणे कठीण असते, हे मी जाणते. म्हणून फार वेळ घेणार नाही.

समितीने मला बोलायला सांगितले, त्याला एक निमित्त झाले. आपल्यातील एका घरची मुलगी आरोग्य व्यवस्थापनाच्या पदवीला प्रवेश घेऊ इच्छिते. तिची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही जन्मभर नर्सिंग केलेत. मुलगी सिस्टर होणार म्हणाली असती तर आम्ही आनंदाने पाठवले असते. पण हे व्यवस्थापन म्हणजे टेबलामागे बसून कागद रंगवणे. त्यात रोग्याची सेवा ती कोणती?” प्रश्न प्रामाणिक होता. मी त्या वेळी थोडक्यात उत्तर दिले. पुरे उत्तर द्यायचे तर मला माझी एक चूक सांगावी लागेल. आज ती सांगते.

माझे नर्सिंगचे शिक्षण मुंबईचे. तीन वर्षे जनरल नर्सिंग आणि त्यानंतर मिडवायफरी. १९७१ साली डिप्लोमा हाती आला आणि १९७४ साली आम्ही इस्राएलला आलो. उलपानमध्ये अक्षरे गिरवली, हिब्रूतून परीक्षा दिली आणि दक्षिणेतील एका दवाखान्यात रुजू झाले. दवाखान्याचे नाव सांगत नाही. जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यातील दोष दवाखान्यापेक्षा माझा अधिक होता.

१ जानेवारी १९९५ पासून या देशात राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा लागू झाला. तरुण मंडळींना त्यापूर्वीचे दिवस ठाऊक नाहीत. तोवर कुपात होलिमचे सभासद होणे हे ज्याच्या त्याच्यावर होते आणि काही माणसे विम्यावाचून राहून जात. कायद्याने देशातील प्रत्येक रहिवाशाला हक्क दिला. क्लालित, मकाबी, मेउहेदेत आणि लेउमित या चारांपैकी कोणतीही संस्था निवडावी. म्हातारा आहे, आजारी आहे म्हणून कोणीही त्याला नाकारू शकत नाही. फार मोठे काम झाले ते.

पण त्याबरोबर आमच्या दवाखान्यात नवी भाषा आली. तूट, दरडोई निधी, कार्यक्षमता. एका बैठकीत परिचारिकांचे तास कमी करण्याचे ठरले. मी उभी राहून कारण विचारले. तरुण व्यवस्थापकाने शांतपणे एक कोष्टक पुढे सरकवले. त्यातील आकडे मला वाचता आले, पण त्यांचा अर्थ लागला नाही. पंचवीस वर्षे रोग्यांची नाडी पाहणारी मी त्या कागदासमोर मुकी झाले. घरी येऊन यजमानांना म्हटले, “मला हे शिकायचे आहे.” ते म्हणाले, “मग शीक.”

१९९९ साली, वयाच्या पन्नाशीला, मी संध्याकाळच्या वर्गात नाव घातले.

या पदवीत काय शिकवतात, ते पालकांसाठी सांगते. साधारण तीन वर्षांचा अभ्यासक्रम, एकशेवीस गुणांक. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्याचे अर्थशास्त्र, हिशेब, कायदा, माणसांकडून काम कसे करून घ्यावे याचे शास्त्र, रुग्णांच्या नोंदी कशा ठेवाव्यात याचे शास्त्र. एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. ही पदवी घेऊन कोणी परिचारिका होत नाही. त्यासाठी नर्सिंगचे शिक्षण आणि सरकारी परवाना वेगळा लागतो. प्रवेश घेण्यापूर्वी मुलीला नक्की काय व्हायचे आहे, ते तिला विचारा.

अर्थशास्त्राच्या वर्गात मला प्रथम कळले की, सरकार या चार संस्थांना पैसे वाटते ते माणसे मोजून, आणि मोजताना वय पाहते. बाळाला व म्हाताऱ्याला अधिक खर्च येतो, म्हणून त्यांचा वाटा अधिक. मी हात वर करून विचारले, “तेल अवीवचा म्हातारा आणि दिमोन्याचा म्हातारा एकाच वजनाचे कसे? दिमोन्याच्या म्हाताऱ्याला मोठ्या इस्पितळासाठी बेर शेवापर्यंत पस्तीस किलोमीटर जावे लागते.” वर्ग हसला. शिक्षक मात्र हसले नाहीत. पुढे २०१० साली त्या हिशेबात स्त्री की पुरुष हे, आणि केंद्रापासून दूरची वस्ती हेही धरले जाऊ लागले. ते माझ्या प्रश्नामुळे झाले असे कोणी समजू नये! पण ज्या कागदाला आपण कोरडा म्हणतो, त्यावरच्या एका रकान्यात आपल्या गावचा म्हातारा आहे की नाही, यावर किती अवलंबून असते ते तेव्हा उमगले.

आता माझी चूक.

आपल्या लोकांत मधुमेह किती आहे, हे या सभागृहात सांगायला नको. मधुमेह्याच्या डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासावा लागतो, कारण तो आतून बिघडू लागला तरी सुरुवातीला दुखत नाही आणि दिसण्यातही फरक पडत नाही. वेळेवर कळले तर उपचार आहेत. आमच्या दवाखान्यातून रुग्णांना पत्रे जात: अमुक दिवशी, सकाळी आठ वाजता, बेर शेवाला तपासणी. जो येत नसे त्याच्या फाइलवर मी लिहीत असे, ‘आला नाही’, ‘आली नाही’.

रोह्याकडची एक मावशी होती. विधवा, एकटी राहणारी. तिच्या फाइलवर माझ्या अक्षरात लागोपाठ तीन वर्षे ‘आली नाही’ असे लिहिलेले होते. मी तिला चार माणसांदेखत बोलले होते, “मावशी, तपासणीला एक पैसा पडत नाही, तुम्हांला नुसते यायला काय होते?” ती हसली आणि पदराने हात पुसत निघून गेली. चौथ्या वर्षी तिच्या एका डोळ्याची दृष्टी गेली.

त्याच वर्षी संख्याशास्त्राच्या शिक्षकांनी आम्हांला काम दिले: आपल्या कामाच्या ठिकाणची एखादी अडचण मोजून दाखवा. मी न येणारे रुग्ण निवडले. खरे सांगते, लोक किती बेफिकीर आहेत हे सिद्ध करण्याच्या हेतूनेच निवडले. शिक्षकांनी माझा तक्ता पाहिला आणि विचारले, “ते आले नाहीत, हे तुम्ही लिहिले आहे. का आले नाहीत, हा रकाना कुठे आहे?”

तो रकाना भरायला मी घरोघर गेले. सर्वांत आधी मावशीकडे. तिने सिद्दूर उघडले. आत तीन पत्रे नीट घडी घालून ठेवलेली होती. ती म्हणाली, “पत्र हिब्रूत. मुलगा शुक्रवारी यायचा, तो वाचायचा. दोनदा तारीख उलटून गेलेली होती. तिसऱ्यांदा मी जाणार होते. पण शेजारीण म्हणाली, डोळ्यांत औषध घालतात, मग दोन-तीन तास नीट दिसत नाही. मी बसने एकटी परत कशी येणार, बाळ?” मी म्हटले, “मावशी, मला का नाही सांगितलेत?” ती म्हणाली, “तू विचारलेस कुठे? तू रागावलीस.”

भगिनींनो, डोळ्यांत ते थेंब घातले की बाहुली मोठी होते आणि काही तास धूसर दिसते, हे मला मुंबईत विद्यार्थिनी असल्यापासून ठाऊक होते. सोबत कोणी आणा, असे पत्रात लिहायला हवे हे मात्र सुचले नव्हते. नर्सिंगने मला डोळा ठाऊक करून दिला होता. तो डोळा ज्या बाईचा आहे, ती बसस्टॉपवर कशी उभी राहील, हे पाहायला मला त्या वर्गात शिकवले.

पुढच्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच ऐकू आले. मग आम्ही बदल केले. पत्राबरोबर आदल्या दिवशी दूरध्वनी, ज्याची जी भाषा त्या भाषेत. आठऐवजी अकराची वेळ. एका वस्तीतील चौघींना एकच दिवस आणि त्यांच्याबरोबर एक धडधाकट माणूस. यासाठी नवे यंत्र आणावे लागले नाही, नवा डॉक्टरही लागला नाही. माणसे येऊ लागली. मावशीचा दुसरा डोळा अखेरपर्यंत शाबूत राहिला. पहिला मात्र गेला तो गेलाच.

या शनिवारी आपण यिथ्रोचा पारशा वाचणार आहोत. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायाला बसलेला आणि लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे. मोशेच्या मनात सेवाच होती, त्याच्याहून अधिक तळमळ कोणाला असणार? पण उभे राहिलेले लोक प्रथम यिथ्रोला दिसले. त्याने आधी प्रश्न विचारला आणि मग सल्ला दिला: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम, अवघड तेवढे तुझ्याकडे येऊ दे. त्या आईच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे. रोग्याच्या उशाशी बसणे ही सेवा आहे. जो रोगी अजून दारापर्यंतही पोहोचला नाही त्याची वाट मोकळी करणे, हीसुद्धा सेवा आहे.

आपल्या समाजाला हे नवीन नाही. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख राहिलेल्या आपल्या डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी असंख्य बाळंतपणे केली, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. मुंबई शहरात बाळंतपणात माता का दगावतात, याची त्यांनी पाहणी केली आणि त्याचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा आपल्याला ठाऊक असतो. युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले, हे त्यांनी आकड्यांचे चित्र काढून दाखवले, हे आम्हांला नर्सिंगच्या शाळेत कोणी सांगितले नव्हते. दोघींनी रोगीही पाहिले आणि ‘का’ हा रकानाही भरला.

आपण विचाराल, मग तुमची पदवी कुठे आहे? माझ्याकडे पदवी नाही. दोन वर्षे पुरी झाली आणि २००१ साली यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. दिवसा नोकरी, रात्री त्यांची शुश्रूषा. मी वर्गाला जाणे बंद केले. कोणाला कळवले नाही. काही काळ सूट मागता येते, अभ्यास पुढे ढकलता येतो, हे मला पुष्कळ उशिरा समजले. विचारायला मला संकोच वाटला. पन्नाशी उलटलेल्या बाईने सवलत काय मागायची! हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे कोणीतरी लिहिले असेल, ‘आली नाही’. आणि का आली नाही, हे विचारायला माझ्या दारी कोणी आले नाही. मावशीच्या सिद्दूरमधल्या पत्रांचा अर्थ मला तेव्हा दुसऱ्यांदा कळला.

यजमान पुढे सहा वर्षे होते. त्यांच्या सेवेचा मला खेद नाही. अर्धी राहिलेली पदवी मात्र अजून मनाला टोचते, हे या वयात लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून समितीला आणि आपणा सर्वांना एक विनंती करून थांबते. आपल्या ज्या मुली व सुना नोकरी आणि घर सांभाळून शिकत आहेत, त्यांची एक यादी करावी. परीक्षेच्या दिवसांत त्यांची मुले दोन तास सांभाळायला आम्ही निवृत्त बायका आहोत. माझे नाव पहिले लिहा. ज्यांना हिब्रूतून निबंध लिहिणे जड जाते, त्यांच्या शेजारी बसायला आपले शिक्षक आहेत. आणि यादीतील एखादी वर्गाला जाईनाशी झाली, तर तिला बोल लावू नका, तिच्या आईवडिलांनाही लावू नका. तिच्या घरी जा, चहा घ्या आणि विचारा.

त्या मुलीच्या आईला मी सांगितले आहे, लेकीला पाठवा. फॉर्म भरायला मी तिच्याबरोबर जाणार आहे.

एलियाहू हन्नाबी आपल्या सर्वांच्या घरी आरोग्य नांदवो.