आतड्याचा दीर्घ आजार आणि निर्णयाची घडी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त घाटकोपर येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित भाग)



मी वैद्य नाही. एका रुग्ण मुलीचा पिता म्हणून मी आपणासमोर उभा आहे. ज्या आजाराविषयी चारचौघांत बोलण्यास आपण संकोचतो, त्याविषयी मी बोलणार आहे. त्या संकोचाची किंमत माझ्या घराने मोजली आहे.

आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात व रक्तमिश्रित जुलाब होतात. क्रोन्स या आजारात पचनमार्गाचा कोणताही भाग सापडू शकतो. त्यातील दाह आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. त्यामुळे मार्ग अरुंद होणे, गळू होणे, भगंदर होणे असे उपद्रव संभवतात. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोगही पुष्कळदा क्रोन्ससारखाच दिसतो. म्हणून निदान पक्के झाल्याशिवाय स्टिरॉइड घेणे धोक्याचे ठरते.

माझ्या मुलीला एकोणिसाव्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिस झाला. घाटकोपरहून लोकलने कॉलेजला जाणेही तिला कठीण झाले होते. औषधांनी आराम पडला. त्याच वर्षी पर्युषणात तिने अठाई केली आणि स्टिरॉइडच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या. आम्ही तिला अडवले नाही. उलट अभिमानाने अनुमोदना केली. या गोळ्या अचानक थांबवणे शरीराला घातक असते, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

पारण्यानंतर आठवड्याभरात तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. शिरेतून स्टिरॉइड सुरू झाले. तिसऱ्या दिवशीही जुलाब आठांहून अधिक होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, आता एक तर इन्फ्लिक्सिमॅबसारखे औषध द्यावे, नाही तर मोठे आतडे काढावे; थांबण्यात धोका आहे. मी म्हणालो, "दोन दिवस थांबू या." दोनाचे पाच झाले. माझ्या मनात वैद्यकीय शंका नव्हतीच. पोटाला पिशवी लागली तर मुलीचे लग्न कसे होणार, एवढीच भीती होती. पाचव्या रात्री ती क्षीण आवाजात म्हणाली, "पप्पा, मला कोणी विचारणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. आतडे फुटण्याच्या बेतात होते. मुलगी वाचली, परंतु त्या पाच दिवसांचे ओझे माझ्या मनावर आजही आहे.

त्यानंतर मला जे उमगले ते सांगतो. पहिली गोष्ट, शस्त्रक्रिया म्हणजे पराभव नव्हे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठे आतडे काढल्यावर पुष्कळदा लहान आतड्याचीच पिशवी आत तयार करून नैसर्गिक मार्ग पुन्हा जोडता येतो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स व निकोल्स या शल्यविशारदांनी ही पद्धत 1978 मध्ये मांडली. क्रोन्समध्ये मात्र शस्त्रक्रियेने आजार समूळ जात नाही. म्हणून आतडे शक्य तितके राखले जाते. ज्यांना पोटावरील पिशवी कायम ठेवावी लागते, तेही नोकरी व संसार करतात. अशा एका गृहस्थांनी रुग्णालयात येऊन माझ्या मुलीशी अर्धा तास गप्पा मारल्या. आम्हा सर्वांच्या समजावणीपेक्षा त्या गप्पांनी तिला अधिक धीर आला. मुंबईतील ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा रुग्णांसाठी कार्य करते.

दुसरी गोष्ट तपश्चर्येची. आपल्या पच्चक्खाणातच 'सव्वसमाहिवत्तियागार' हा आगार ठेवलेला आहे. तीव्र व्याधीने समाधी ढळू लागली तर औषध घेण्याची मोकळीक स्वतः शास्त्रकारांनी दिली आहे. मग आपण त्यांच्याहून कठोर का व्हावे? जुलाब चालू असताना, किंवा लहान आतड्याचे तोंड पोटावर आणलेले असताना, निर्जळ उपवासाने शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने घटतात. अशा वेळी गुरुमहाराजांना व डॉक्टरांना दोघांनाही विचारावे. जिलेटिनची कॅप्सूल किंवा प्राणिज हेपारिन यांना पर्याय आहे का, हेही आधीच विचारून ठेवावे. प्राण संकटात असताना मात्र या प्रश्नासाठी उपचार अडवू नये.

तिसरी गोष्ट, निर्णयाचा विचार प्रकृती बरी असतानाच करावा. हे औषध लागू पडले नाही तर पुढे काय? किती दिवस वाट पाहायची? खर्च किती? नवी औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी झाली का? हे प्रश्न वहीत लिहून न्यावेत. दुसरे मत हवे असल्यास परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर व शीवचे लोकमान्य टिळक या महापालिका रुग्णालयांत पचनविकारांचे विभाग आहेत.

अनेकांतवाद आपण व्याख्यानांतून ऐकतो; त्याचा खरा कस रुग्णशय्येजवळ लागतो. शल्यविशारदाला आतडे दिसते, पित्याला लग्न दिसते, आईला वेदना दिसते. प्रत्येकाच्या म्हणण्यात सत्याचा अंश असतो. परंतु शरीर ज्याचे आहे, त्याचा अंश सर्वांत मोठा असतो आणि नेमके त्यालाच विचारायचे राहून जाते.

माझी मुलगी पुढील दोन शस्त्रक्रियांनंतर आज नोकरी करते. तिच्या अनुमतीनेच मी हे सारे सांगितले. त्या वर्षीचे पर्युषण उलटून गेले होते, तरीही रुग्णालयातच मी हात जोडून तिला मिच्छामि दुक्कडं म्हटले होते.

आपल्या न्यासाच्या वैद्यकीय साहाय्य निधीतून अशा रुग्णांना औषधांइतकाच सोबतीचाही आधार मिळावा, अशी नम्र विनंती करतो.